डागमावशी आणि बारावी खुर्ची

लाँड्रीत तीस वर्षं काढलेल्या बाईला लोक काय म्हणणार? डागमावशी म्हणायचे. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते वहीबाहेर कधी फिरकलं नाही. हॉटेलांच्या चादरी, सभागृहांची टेबलाची कापडं, डॉक्टरांचे डगले, सगळ्या शहराचं सांडलेलं-लवंडलेलं तिच्या टेबलावर येऊन पडायचं. ती एक नजर टाकून सांगायची, हा चहा, हा गंज, आणि ह्याच्यावर कुणीतरी शहाण्यानं पावडर चोळून ठेवलीय, त्याला म्हणावं आता जन्मभर ठेव सांभाळून. सांडलेला डाग वेगळा आणि फेकलेला डाग वेगळा, हेही तिला कळायचं. शहरातल्या तीन भांडणांची तरी आतली गोष्ट तिला टेबलाच्या कापडांवरून ठाऊक होती, पण तिनं ती कधी ओठाबाहेर काढली नाही. बाई फटकळ होती, चुगलखोर नव्हती.

दारूशी तिची ओळख झाली ती भांडणातूनच. पाच वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या मॅनेजरनं एक कापड परत पाठवलं. म्हणे, हा डाग आमच्याकडचा नाही, हा बीटचा आहे, तुमच्या बायकांनी डबा खाताना पाडलाय. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा बाटल्यांच्या दुकानात शिरली. लाल वाइनची एक बाटली घेऊन ती तडक हॉटेलात गेली, मॅनेजरसमोर एका कापडावर वाइनचा थेंब टाकला, दुसऱ्यावर बीटचा, आणि दोन्हींवर ओला सोडा चोळला. बीट लालच राहिला. वाइन निळसर पडली. मग त्या भांडणातल्या कापडावर सोडा चोळला, तेही निळसर पडलं आणि मॅनेजर पांढरा पडला.

बाटली मात्र पाऊण उरली. एवढी चांगली वस्तू मोरीत ओतायची हे काही तिला पटेना. रविवारी दुपारी खिडकीत बसून तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, दुसरा घेतला, तोंड सरळ झालं. आणि तिसऱ्या घोटाला तिच्या मनात आलं की हे कशासारखं लागतंय ते लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर विसरेन.

तेव्हापासून वही. दर रविवारी एक बाटली, तिच्यातले दोनच पेले, एक तिचा आणि एक सुनेचा. पेला काचेचा, कडकडीत पाण्यानं धुवून पालथा घातलेला. पुसायचा नाही. पुसणं म्हणजे एकीकडची घाण दुसरीकडे नेणं, असं तिचं ठाम मत. वहीच्या प्रत्येक पानाला पांढऱ्या सुती कापडाचा एक चौकोन टाचणीनं लावलेला, त्यावर त्या बाटलीचा एक थेंब, आणि खाली तिच्या ठसठशीत अक्षरात शेरा.

एका लाल वाइनखाली होतं: ‘पहिला घोट सासूसारखा, दुसरा नणंदेसारखा. तिसऱ्याला दोघी बाहेर गेलेल्या. डाग हट्टी, मिठाला ऐकत नाही.’ पांढऱ्या वाइनखाली: ‘ओला दगड. कुठला दगड ते कळलं नाही. डाग दिसत नाही, पण असतो. अशी माणसंही असतात.’ काळ्या बिअरखाली: ‘जळलेली इस्त्री. आम्ही इस्त्री जाळली की बोलणी खातो, ह्यांना बक्षीस मिळतं.’ गव्हाच्या बिअरखाली: ‘केळं. सून म्हणते बाटलीवर केळं लिहिलेलं नाही. मला फसवू नये.’ फेस येणाऱ्या वाइनखाली एकच ओळ होती: ‘बोलघेवडी. बोलणं संपलं की घरात कुणी नाही.’ आणि खूप महागातली एक लाल, मुलानं हौसेनं आणलेली, तिच्याखाली: ‘बूट. चांगला बूट.’

मुलगा बस चालवायचा, त्यामुळे थेंबालाही शिवायचा नाही. तो नुसता वास घेऊन म्हणायचा, “मला तर सगळ्यांना डिझेलचाच वास येतो.” सून शाळेत भूगोल शिकवायची. ती बाटलीवरचा देश बघून तिथलं पाऊसमान सांगायची आणि मग दोन घोटांत पेला संपवायची. अशा घरात मावशीचं शास्त्र वाढत होतं.

पण मावशीच्या मनात एक सल होता, आणि तो त्या बाटल्यांच्या दुकानातच लागला होता. दुकानाच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता चाखणी मंडळ भरायचं. बारा खुर्च्या, बारा सभासद. अध्यक्ष होते चष्म्याच्या दुकानाचे मालक. माणूस उंच, आवाज घोगरा, बोलताना नाक किंचित वर, जणू छताला कसला तरी वास येतोय. मंडळानं चाखलेल्या प्रत्येक बाटलीखाली दुकानात अध्यक्षांच्या हातचं कार्ड लागायचं. सुरुवातीला त्या कार्डांवर नाना तऱ्हेचं काय काय असायचं, पण गेली दोन वर्षं सगळ्या कार्डांवर एक गोष्ट हमखास होती. ‘रानफुलं.’ लाल असो, पांढरी असो, बिअर असो. ‘रानफुलांचा दरवळ. मागून लिंबाची साल.’ अध्यक्षांनी त्यावरून सिद्धान्तच मांडला होता की जिभेची तालीम पुरी झाली की माणसाला प्रत्येक बाटलीत फुलं लागतात. ज्याला लागत नाहीत, त्याची जीभ अजून कच्ची.

मावशी कार्ड वाचायची, तीच बाटली घरी न्यायची, खिडकीत बसून डोळे मिटून चाखायची. दगड लागायचा, बूट लागायचा, इस्त्री लागायची. फूल म्हणून लागायचं नाही.

एका रविवारी तिनं हळूच सुनेला सांगितलं, “माझ्या जिभेला फुलं लागत नाहीत गं. तीस वर्षं साबणाच्या वाफेत गेली, जीभ मेली असेल.”

सून म्हणाली, “मलापण नाही लागत, आई.”

“तुला काय लागणार. तू चहात तीन चमचे साखर घालतेस.”

असं वरून फटकारलं खरं, पण आतून बाई खचली होती. डागात तिला कुणी हात धरणारं नव्हतं. इथे मात्र एक चष्मेवाला ज्याच्यात बाग बघतो त्याच्यात तिला बूट दिसतो, म्हणजे चूक आपलीच. ती त्या माडीच्या जिन्याकडे बघायची आणि पुढे निघून जायची. मनातून तिला तिथली एक खुर्ची हवी होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण मंडळाच्या रुमालांना ते माहीत होतं.

कारण ते दोन डझन पांढरे रुमाल दर सोमवारी लाँड्रीतच यायचे. एवढंसं गाठोडं, कुठल्याही मोठ्या घाण्यात सहज गेलं असतं. पण गेली दोन वर्षं मावशी ते कुणाच्या हाताला लागू द्यायची नाही. तीन नंबरच्या यंत्रात ती ते वेगळे धुवायची, आणि शेवटच्या पाण्यात ‘निळं’ घालायची. निळं म्हणजे कापड मऊ करायचं द्रावण. डब्यावर एका फुलाचं चित्र होतं, ते फूल जगात कुठे उगवतं हे देवाला ठाऊक. बाकी धुण्याला निळ्याचं अर्धं माप. मंडळाच्या रुमालांना ती दोन मापं घालायची आणि वर पाणीही नीट निथळू द्यायची नाही, वास टिकावा म्हणून. मुकादम एकदा म्हणाला की मावशी, रुमाल आहेत का नवरदेव? मावशी म्हणाली, तू तुझं बघ. आपल्याला वर बसायला मिळत नसेल तर निदान आपलं काम तरी तिथे मानानं बसावं, एवढाच तिचा हिशेब.

आणि मग एक खुर्ची रिकामी झाली. एक सभासद लेकीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेला, आणि दुकानाच्या दारावर कागद लागला: एक जागा भरणे आहे, शनिवारी परीक्षा, तीन पेले, ओळखा आणि वर्णन करा.

सुनेनं कागद वाचला, घरी आली आणि म्हणाली की आई, तुम्ही जाताय. मावशी म्हणाली, वेडी का काय, मला फुलं लागत नाहीत. सून म्हणाली, लागायची गरजच काय? तिथे सगळे फुलंच म्हणतात. पहिला पेला, फुलं. दुसरा पेला, फुलं. तिसरा पेला, जरा थांबून, डोळे मिटून, फुलं. खुर्ची तुमची.

मावशीला ते पटलं नाही, पण खुर्ची डोळ्यांसमोरून हलेना. सबंध आठवडा सून तिची तालीम घेत होती. पाण्याचा पेला हातात द्यायची आणि म्हणायची, बोला. मावशी म्हणायची, “फुलं.” सून म्हणायची, “असं नाही, आई. तुम्ही डाग दाखवल्यासारखं म्हणताय. आठवण आल्यासारखं म्हणा.” शेवटी शुक्रवारी मुलगाही ड्यूटीवरून येऊन पाणी पिताना आठवण आल्यासारखं ‘फुलं’ म्हणाला, तेव्हा कुठे तालीम थांबली.

शनिवारी ठेवणीतले कपडे घालून मावशी माडीवर गेली. सोबत सून. वही बाहेर ठेवावी लागली, नियमच तसा. खोली छान होती. लांब टेबल, पांढरं कापड, भिंतीवर अध्यक्षांची जुनी कार्डं चौकटीत. टेबलाशी अकरा माणसं. त्यांत एक घड्याळजी होता, घड्याळं दुरुस्त करणारा, फारसा न बोलणारा. तो दर बिअरचा फेस किती सेकंद टिकतो हे मोजून लिहायचा. एक दातांचे डॉक्टर होते, ते प्रत्येक घोट चूळ भरल्यासारखा घोळवायचे. आणि खिडकीपाशी बारावी खुर्ची, रिकामी. तिचा एक पाय आखूड होता, खाली पुठ्ठा घातलेला. मावशीला ती सिंहासनासारखी दिसली.

अध्यक्षांनी गोऱ्यामोऱ्या मावशीकडे बघून सगळ्यांना सांगितलं की आपल्या लाँड्रीच्या मावशी आज नशीब अजमावायला आल्या आहेत, आपण त्यांचं कौतुक करू या. मग त्यांनी पडद्यामागून पहिला पेला आणला, रुमालानं आतून-बाहेरून झकास पुसला, काच उजेडाकडे धरून बघितली, पुन्हा पुसला, पडद्यामागे नेऊन त्यात पांढरी वाइन ओतली आणि मावशीसमोर ठेवला.

मावशीनं पेला नाकाशी नेला.

फुलं होती.

खरीखुरी, घमघमीत फुलं. मागून लिंबाची सालसुद्धा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे जीभ मेलेली नव्हती. नाक शाबूत होतं. तिनं सुनेकडे बघितलं, सुनेला वाटलं आईला बोलायचं आठवत नाही, तिनं ओठांनीच ‘फुलं’ असं करून दाखवलं. मावशीनं आनंदानं दुसऱ्यांदा वास घेतला.

दुसऱ्या वासाला तिला ते फूल ओळखीचं वाटलं. तिसऱ्या वासाला त्याचा पत्ता सापडला. तीन नंबरचं यंत्र. सोमवारचा शेवटचा घाणा. दोन मापं निळं, कमी निथळलेलं.

तिनं पेला खाली ठेवला. भिंतीवरची कार्डं, खाली दुकानातली कार्डं, दोन वर्षांची रानफुलं, सगळी तिच्या हातची. आता काय करावं? फुलं म्हणावं आणि खुर्चीत बसावं. ते खोटंही नव्हतं, फुलं तर होतीच. आणि खरं सांगावं तर पहिली नाचक्की आपलीच, कारण निथळण्यात कसूर आपण केली. तीस वर्षांत आपल्या चुकीनं एक कापड परत आलं नाही असं छाती ठोकून सांगणारी बाई, तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं की मी दोन वर्षं तुम्हाला साबण पाजला?

ती म्हणणारच होती, ‘फुलं’. तोंड उघडलंही होतं. पण अध्यक्षांना तिची शांतता बघून दया आली. ते पुढे झुकून मायेनं म्हणाले, “घाई करू नका, मावशी. आयुष्य साबणात गेलेल्या नाकाला जरा वेळ लागणारच.”

बस. मावशीचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं, फक्त आतला शब्द बदलला.

“फुलं आहेत,” ती म्हणाली. “मी घातली आहेत.”

खोलीत कुणाला काही कळेना. मग मावशीनं सांगितलं. यंत्राचा नंबर, निळ्याची मापं, निथळायचं राहिलेलं पाणी, सगळं. डागाचा गुन्हा कबूल करावा तसं नाही, डाग कुणाचा हे सांगावं तसं. अध्यक्षांचं नाक प्रथमच खाली आलं. ते म्हणाले की हा मंडळाचा अपमान आहे, दोन वर्षं अकरा तयार जिभा चुकत होत्या आणि ही एक बरोबर, असं कसं? मावशी म्हणाली की तोंडानं कशाला, कडकडीत पाणी आणा.

खालून दुकानवाली बाई किटली घेऊन आली. मावशीनं बाह्या वर केल्या. पेले धुतले, झटकले, पालथे घातले, आणि एका सभासदाचा हात सवयीनं रुमालाकडे गेला तेव्हा त्यावर चापट मारली. मग पांढरी वाइन पुन्हा ओतली. सगळ्यांनी चाखली.

“दगड,” दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले.

“ओला,” मावशी म्हणाली.

अध्यक्ष म्हणाले, त्यांना अजूनही फुलं लागताहेत. त्यांना कुणी काही म्हटलं नाही, कारण तेवढ्यात घड्याळजीनं धुतलेल्या पेल्यात बिअर ओतली होती आणि तो खिशातलं घड्याळ हातात घेऊन ताठ उभा राहिला होता. मंडळात बिअरचा फेस दोन वर्षांत अकरा सेकंदांपुढे कधी टिकला नव्हता. अध्यक्षांनी त्याचाही सिद्धान्त केला होता, उंची बिअर फेसाचा गर्व करत नाही म्हणून. आता फेस चढला आणि तसाच उभा. एक मिनिट झालं. दोन झाली. कुणी खोकलंसुद्धा नाही. तीन मिनिटं वीस सेकंदांनी फेस बसला, तेव्हा घड्याळजीनं डोळ्याला रुमाल लावला आणि लगेच दचकून बाजूला टाकला.

अध्यक्ष मात्र हार मानणारे नव्हते. त्यांनी नियम काढला. बाईंनी रुमाल ओळखला, पेय ओळखलेलं नाही. परीक्षा नापास. मावशी म्हणाली, द्या इकडे उरलेले दोन. पडद्यामागून लाल आली, न पुसलेल्या पेल्यात. मावशीनं एक घोट घेतला, बोट बुडवलं आणि सरळ टेबलाच्या पांढऱ्या कापडावर थेंब टाकला. अकरा माणसांनी श्वास ओढला. मावशी वाकून बघत राहिली.

“कड जांभळी आहे, तपकिरी पडलेली नाही. यंदाची आहे, पोरसवदा. अजून हिला घाई आहे. सासू व्हायला हिला दहा वर्षं लागतील.” मग तिसरा पेला नाकाशी नेऊन ती म्हणाली, “ही गव्हाची बिअर. केळं आहे, आणि बाटलीवर लिहिलेलं नाही.”

दुकानवाल्या बाईनं पडद्यामागून बाटल्या काढून दाखवल्या. दोन्ही बरोबर. सून टाळ्या वाजवायला उठली आणि मग बसली. अध्यक्षांनी शेवटचा डाव टाकला. म्हणाले, ओळखलं असेल, पण जिनं दोन वर्षं मंडळाचे पेले नासवले तिलाच मंडळात घ्यायचं? ह्यात तथ्य होतं, आणि मावशीलाही ते कळलं. ती पिशवी उचलून उठली. म्हणाली की सोमवारपासून रुमाल नीट निथळतील, खुर्ची तुमची तुमच्यापाशी ठेवा.

तेव्हा कधी नव्हे ते घड्याळजी बोलला. “आपण दोन वर्षं मावशींचंच काम चाखतोय आणि वाहवा करतोय. शंभरावर कार्डं त्यांच्या फुलांवर लिहिली. त्या तर आपल्यात कधीच्या आहेत. नुसत्या उभ्या होत्या.”

ह्यावर हात वर करायला सांगितलं. दहा हात वर गेले. अध्यक्षांचे दोन्ही हात टेबलाखाली होते. मावशी खिडकीपाशी गेली, खुर्चीत बसली. खुर्ची एका अंगाला कलली, तिनं खालचा पुठ्ठा पायानं सरकवून नीट केला आणि म्हणाली की आता ते टेबलाचं कापड काढा, डाग वाळायच्या आत मला द्या.

सोमवारी तिनं दोन डझन रुमाल साध्या पाण्यात तीनदा खळबळून नीट निथळले. रुमालांच्या गाठोड्याबरोबर अध्यक्षांची चिठ्ठी आली होती, अक्षर नेहमीपेक्षा बारीक. मंडळाचा निर्णय मान्य आहे, पण व्यक्तिशः आपल्याला दगड आवडत नाही, तरी एक रुमाल पूर्वीसारखा मिळू शकेल काय. मावशीनं चिठ्ठी दोनदा वाचली. मग एक रुमाल वेगळा काढला, दोन मापं निळं घातलं, कमी निथळला, आणि चुकून दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून कोपऱ्यात लाल दोरा ओवला.

शनिवारी अध्यक्ष आपला पेला त्या रुमालानं पुसतात, नाक वर करतात आणि तृप्त होतात. त्यांच्याकडे कुणी बघत नाही. मावशीच्या वहीत परीक्षेच्या दिवशीच्या पांढऱ्या वाइनचं पान आहे, त्यावर दोन चौकोन टाचलेत, एक धुतलेल्या पेल्यातला आणि एक पुसलेल्या. खाली शेरा आहे: ‘माझी जीभ चांगली आहे. निथळायला आळस करू नये.’

पुढच्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांनी जिन्यात मावशीला गाठलं, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं की लाल दोऱ्याचा अजून एखादा होईल का. त्यानंतर आणखी दोघांनी विचारलं, प्रत्येकानं एकेकटं आणि तसंच इकडेतिकडे बघून. आता लाल दोऱ्याचे रुमाल चार आहेत. मावशी कुणाचं नाव सांगत नाही.